फ्रिजवरच्या दोन याद्या

सोहारच्या दवाखान्यात लिस्सी सिस्टरने
लाल पेनाने दोन नावांवर काट मारली :
मोरी मासा नको. सुरमई नको.
मला हसू आलं. देवगडला आमच्याकडे
बाळंतिणीला मोरीच देतात, दूध उतरायला.

आईचा फोन नऊला. तिथे साडेदहा,
भांडी आवरून झालेली.
पपई नाही ना? तीळ?
आणि खजुराकडे तर बघूसुद्धा नकोस, उष्ण पडतो.
मी बघत होते.
उम्म हिलालने संध्याकाळीच आणून दिलेलं ताट,
अर्धे पिवळे, अर्धे पिकून मऊ.
म्हणाली, मरियमने हेच खाल्लं होतं,
खोडाला टेकून, एकटीने.

गेल्या वेळी मी सगळं पाळलं होतं.
दुकानात पपईच्या ढिगाकडे पाठ करून उभी राहायचे.
चहा सोडला. अंडं
दगड होईस्तोवर उकडलं.
अकराव्या आठवड्यात
सिस्टरनेच माझा हात धरून ठेवला.
त्या दिवशी कुणी यादी काढली नाही.

शिरीष रात्रपाळीला.
एकाच चुंबकाखाली दोन्ही कागद
एसीच्या वाऱ्यावर एकमेकांना झोंबतात.
ठरवलंय, मोरी सोडायची. सुरमईही, जीव तुटला तरी.
पपई आईसाठी; तशी ती मला
कधी आवडलीच नाही.
तिळाचं बघू.

खजूर उचलला. पिवळी बाजू तुरट,
मग एकदम गूळ.
बी बशीत पडली, टक्.
फोन परत वाजतोय. आईच असणार,
सांगायचं काहीतरी राहिलं असेल.
घास गिळते आधी.