अळंबी तपासून मिळतील

बुडापेस्टच्या आठव्या वॉर्डात
आमच्या गल्लीच्या टोकाला मंडई होती,
लोखंडी कमानींची, वर काचेचं छप्पर,
आणि छपरात एक फुटकी काच,
जिच्यातून चिमण्या यायच्या
आणि जिच्याखाली कुणी गाळा घेत नसे,
व्हिल्मा सोडून. तिचं म्हणणं,
लोणच्याच्या बरण्यांना काय धाड भरलीय.

मंडईच्या आधी लागायची पिरोश्काची खिडकी.
दुकान कसलं, कपाटच ते.
बायकांच्या तलम मोज्यांचे सुटलेले टाके ती उचलायची,
काचेच्या पेल्यावर मोजा ताणून,
अंगठ्याएवढ्या दिव्याखाली.
पैसे टाक्यामागे.
आई म्हणायची, या शनिवारी एकाच पायाचे परवडतात,
दुसरा पाय टेबलाखाली ठेवीन.

तिच्या शेजारी सोडावाला ओदोन,
आणि त्याच्या पलीकडे एक माणूस
बॉलपेनच्या रिकाम्या कांड्यांत शाई भरून द्यायचा.
त्याचं नाव आठवत नाही.
बोटं आठवतात. दहाही निळी.

आणि मंडईत शिरलं की उजव्या हाताला,
बटाटे आणि घोड्याचं मांस यांच्या मध्ये,
एक टेबल, मागे गेदेऑनकाका.
पाटी: अळंबी तपासून मिळतील. फुकट.
ते विकत काहीच नसत.
रविवारी रानात वेचलेलं
सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे ओतायचं.
ते एकेक उचलायचे, देठ मोडायचे, हुंगायचे.
उजवीकडे खायचं,
डावीकडे फेकायचं.
डावीकडचं परत मागायचं नाही.

बायका हुज्जत घालायच्या,
अहो, माझ्या सासूनं चाळीस वर्षं हीच शिजवली!
काका मान वर न करता विचारायचे,
आणि सासरे?
ते कितव्या वर्षी गेले?

आठ वर्षांची असताना मीही रांगेत उभी राहिले,
शाळेच्या अंगणातलं एकच अळंबं घेऊन.
त्यांनी तेवढाच वेळ घेतला.
चिठ्ठीवर लिहिलं: एक नग.
खाण्याजोगं नाही. सुंदर आहे.
खाली शिक्का.

ती चिठ्ठी हरवली.

पिरोश्का आधी गेली. मोजे इतके स्वस्त झाले
की टाका उचलण्यापेक्षा मोजा फेकणं परवडायला लागलं.
ओदोनचं मला कळलंच नाही.
त्याची निळी बाटली अजून माझ्याकडे,
माझी अनामत त्याच्याकडे,
म्हणजे हिशेब म्हटला तर फिटलेला.
मग दुरुस्तीसाठी मंडई बंद.
उघडण्याची तारीख पाटीवर होती.
ती आली तशी गेली,
पाटी मात्र आणखी दोन हिवाळे तिथेच.

आता सुपरमार्केट आहे.
कमानी त्याच, रंगवलेल्या. काच बदललेली.
मी नुसती फुटपाथवरून गेले तरी दार उघडतं.
एवढं अगत्य व्हिल्मानं कधी दाखवलं नाही,
काकडी चाखायची तर चाख,
नाहीतर उजेड सोड, म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरात बुडाच्या टेकड्यांवर गेले होते.
टोपली भरली, आणि परतताना
पाय आपोआप तिकडेच वळले.
दार उघडलं.
उजव्या हाताला, टेबलाच्या जागी,
अळंबीच होती: पांढरी, एका मापाची,
प्लास्टिकखाली, वजन छापलेली.
रखवालदार पोरगा माझ्या टोपलीत वाकला.
ही इथलीच का?
नाही.
मग ठीक, म्हणाला.

घरी वर्तमानपत्र पसरून बसले.
देठ मोडले. हुंगलं.
उजवीकडे काही ठेवायला हात होईना.
रात्रीपर्यंत सगळी डावीकडे,
त्यांतली निम्मी तरी चांगली असणार,
पण कुठली?
गुंडाळून खाली कचऱ्यात टाकून आले.

एक मात्र ठेवलं. लाल, वर पांढरे ठिपके.
त्याच्याबद्दल माझी खात्री होती.
ते खिडकीत आहे, निळ्या बाटलीशेजारी,
वाळत.