अर्धा वेळ

टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला
आणि कोऱ्या बाजूवर
निळ्या स्केचपेननं लिहायला बसले.
पूर्ण वेळ : सकाळी नऊ ते सहा.
अर्धा वेळ : नऊ ते एक.
इथवर हात सरळ चालला.

पुढं अडलं.
सतरंजी अर्धी अंथरता येत नाही.
वरणभात साडेबाराचा,
तो अर्ध्यात धरायचा की पुऱ्यात?
आणि पाणी आमच्या बोळात चार दिवसांआड.
ढुंगण धुवायचा तांब्या
फी बघून लहानमोठा होत नाही.

अंबूबाई येमूल दारातनंच म्हणाल्या,
विडीचं बघ की,
हजाराला दर ठरलेला,
पाचशे वळल्या तर निम्मा.
एवढं काय डोकं चालवायलीस?
मी म्हटलं, अंबूबाई,
कारखान्यात तुमच्या विड्यांतनं छाट काढतात,
तशी रडकी पोरं मी कुठं टाकू?
त्या हसल्या. सूप उचलून गेल्या.

मग विहंग कोडमचा प्रश्न.
बापाची मागावर पाळी फिरती,
एक आठवडा पूर्ण, एक आठवडा अर्धा.
वीज गेली की माग बंद,
माग बंद की बाप घरी,
बाप घरी की पोरगं घरी.
त्या दिवसाचे पैसे?
'धरले जातील' लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं, जरा बारीक अक्षरात.

हत्तुरे सिस्टर सिव्हिलमधनं ड्युटी करून येतात,
चपला न काढता बोलतात.
आमची शांभवी पुऱ्या फीची,
तिला पंख्याखालची जागा पाहिजे.
त्यांचं चुकत नाही.
पंखा एकच आहे.

सोमवारी पुठ्ठा खिळ्याला टांगला.
मंगळवारी एक वाजला
आणि पद्मा चिलका दारात,
ब्रँचला विड्या देऊन, पानं घेऊन आलेली,
डोक्यावर पदर, पदरावर वैशाखाचं ऊन.
आत तिची श्रीजा गाढ झोपलेली,
तोंडात अंगठा,
बरोब्बर पंख्याखाली.

पद्मानं पुठ्ठ्याकडं बघितलं.
वाचता येतं तिला, सावकाश येतं.
मग माझ्याकडं.
उठवू का, म्हणाली,
पण उठवायला हलली नाही.
मी म्हटलं, बस.
तंबाखू मात्र उंबऱ्याच्या आत नको.
तंबाखू घरीच आहे अक्का, म्हणाली,
आणि ओली पानं मांडीवर घेऊन
कात्रीनं कापायला लागली.

कच. कच. कच.
विहंगचे डोळे मिटले.
शांभवीचे मिटले.
रोज तास तास थोपटूनही न झोपणारा
जाधवांचा इवान
भिंतीला पाय लावून आडवा.
मीसुद्धा बसल्याबसल्या
डुलकी काढली असेल, सांगता येत नाही.

श्रीजा पावणेतीनला उठली.
म्हणजे अर्धा वेळ किती झाला?
बोटांवर मोजला, बोटं चिकट होती, सोडून दिला.

बुधवारी पद्मा कात्री घेऊनच आली.
गुरुवारीही.
शुक्रवारी सिस्टर लवकर सुटल्या,
दारात थबकल्या, हळूच विचारलं,
ह्या पूर्ण वेळ का अर्धा?
मी म्हटलं, कोण, श्रीजा?
नाही हो. तिची आई.

त्या रात्री पुठ्ठा खाली काढला.
खाली उरलेल्या जागेत लिहिलं :
झोपलेल्या मुलास उठवले जाणार नाही.
जाग्या मोठ्यांनी वेळ पाळावी.
आणि त्याखाली
सहानंतर दर पंधरा मिनिटांस दहा रुपये,
पण तोवर स्केचपेन वाळत आलेलं,
थुंकी लावली तरी उमटेना.

ती ओळ फिकट आहे.
साडेसहाला येणारे सगळे म्हणतात,
अक्का, दिसलीच नाही बघा.
मी शेवटचं लेकरू कडेवर घेऊन
केरातनं पानांचे हिरवे तुकडे वेचत असते.
मलाही दिसत नाही त्या उजेडात.
नवीन पेन घ्यायला
कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आहे,
ते सहाला बंद होतं.