कंटिन्युइटी

एपिसोड त्रेसष्ट, सीन चार.
कावेरी टिपणीस, इयत्ता दहावी ब, हुशार म्हणून प्रसिद्ध,
सोसायटीच्या गच्चीवर टाकीमागे वाकून बघते:
ओल्या सिमेंटवर एकच चप्पल. डावी.
केस उजव्या खांद्यावर.
घड्याळात चार दहा.
दप्तराची पुढची चेन उघडी.
एवढं मी वहीत लिहून ठेवते.
माझं काम एवढंच.

गुन्हेगार कोण, ते मला साठाव्या एपिसोडपासून ठाऊक.
इस्त्रीवाला नाही, सोसायटीचा खजिनदार.
आमच्याकडे बहुतेकदा खजिनदारच निघतो,
कारण ते काका मालवणीत राहतात
आणि तारखा कधीही देतात.

मला काळजी ग्लासातल्या कोकम सरबताची.
लांबच्या शॉटला अर्धा, जवळच्या शॉटला पाऊण
असं झालं की कुणी लातूरहून, कुणी परळहून
बरोब्बर पकडतं, चॅनेलला पत्र धाडतं.
खरे गुप्तहेर घरोघरी जेवताना बसलेले असतात,
एक डोळा ताटावर ठेवून.

मढच्या भाड्याच्या बंगल्यात शूटिंग.
वर्सोव्याहून तरीने यायचं,
वाळत घातलेल्या बोंबलांच्या बाजूने चालत,
नऊच्या शिफ्टला सव्वाआठला.
कावेरीचं खरं नाव राजसी खोत, राहणार भांडुप.
बारावीची गणितं मेकअपच्या खुर्चीत सोडवायची, निम्मी चुकायची.
तिची हुशारी रात्री दीड वाजता लेखकाकडून
मोबाइलवर यायची,
सकाळी ती पाठ करायची, पोहे खात.

एकदा लाइट लावायला वेळ लागत होता.
ती पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली.
"ताई, हा कुर्ता परवाचा."
मी वहीत बघत राहिले.
"डाव्या बाहीवर वरणाचा डाग तसाच आहे.
चार्जर तीन दिवस मेकअप रूमच्या प्लगला.
आणि पॅकअपनंतर तुम्ही जेटीकडे जात नाही,
जाते म्हणता, आणि मागच्या दाराने परत येता."

मालिकेत इथे तीनदा ढॅण वाजलं असतं,
तीन बाजूंनी माझा चेहरा,
मग जाहिराती.
इथे फक्त जनरेटर चालू होता
आणि स्पॉटदादा चहात आलं किसत होता.

गुन्हेगार कोण, हे तिने विचारलं नाही.
मी सांगितलंही नसतं.
आमच्या घरात खजिनदार नव्हता.
नुसतं एक दार होतं,
आतून कडी घातलेलं,
आणि मी कधी बाहेर असायचे, कधी आत.
आत असणं जास्त वाईट.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी दिली. दोन कुर्ते.
"आईचे आहेत, ढगळ होतील."
झाले. दोन बोटं आत घेऊन शिवले
ड्रेसदादाच्या मशीनवर,
तो काही बोलला नाही, दोरा तेवढा निळा दिला.

एकशे अठरा भागांवर मालिका बंद झाली.
गुरुवारी कळलं, शनिवारी शेवटचा दिवस.
कितीतरी गोष्टी उलगडायच्या राहिल्या:
कावेरीचे बाबा रत्नागिरीहून परतलेच नाहीत,
आणि उजवी चप्पल कुठे गेली
ते लेखकालाही सुचलं नव्हतं.
(ती ड्रेसदादाच्या पेटीत होती. जोडी मालाडला घेतलेली, दीडशेला.)

त्या संध्याकाळी राजसीने माझा फोन घेतला,
मला गच्चीच्या भिंतीशी उभं केलं, फोटो काढला,
आणि माझ्याच वहीत, शेवटच्या पानावर,
माझ्यासारखं तिरकं अक्षर काढत लिहिलं:
"ताई. केस मोकळे. कुर्ता पिवळा, इस्त्रीचा.
पिशवीत खोलीची किल्ली, दहिसर.
पुढच्या सीनला असंच ठेवणे."

मी ठेवलं नाही.
महिनाभराने केस कापले, मानेपर्यंत.
आता कुणी जुळवून पाहिलं
तर चूक सापडेल.
सापडू दे.