निष्क्रिय वेळ: शून्य

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागे, आमचं ऑफिस.
एसीची एकुलती एक खोली माणसांना नाही, सर्व्हरला.
मे महिन्यात साहेबसुद्धा निमित्त काढून आत येतात,
दिव्यांकडे बघतात, "सगळं ठीक?" विचारतात
आणि रेंगाळतात.

बारा लायसन्स. बंदरं नऊ, ऑफिसातली टेबलं सात.
सोळा जणांना बारा कशी पुरायची
हे ज्याने सही केली त्याला विचारा.
मला एवढंच सांगितलं: कोण किती वेळ अडवून बसतं, ते बघ.

म्हणून स्क्रिप्ट लिहिली. चाळीस ओळी,
त्यातल्या नऊ नुसत्या टिपा, माझ्याच विसराळूपणासाठी.
दर दहा मिनिटांनी ती उठते, सर्व्हरला विचारते,
कोण आहे, जागं आहे की नुसतंच आहे,
आणि मांडून ठेवते: नाव, बंदर, निष्क्रिय वेळ.
अर्धा तास हात हलला नाही की खुर्ची काढून घेते,
निरोप न देता.
निरोप कसा द्यायचा ते तेव्हा मला लिहिता येत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात नोंदी वाचत बसलो.
हर्णै: चोवीस मिनिटं. जयगड: एकोणतीस, हुशार.
देवगड: कापलं, कापलं, कापलं.
आणि साखरी नाटे, शमीम सोलकर:
शून्य.
दुपारी शून्य, मध्यरात्री शून्य,
शुक्रवारी नमाजाच्या वेळीही शून्य.
इतकं जागं कुणी नसतं.

पावसमार्गे गेलो, आडिवऱ्याला चहा घेतला.
जेटीवरची पत्र्याची खोली,
वाळत टाकलेल्या रेनकोटाखाली कीबोर्ड,
आणि स्पेसबारवर
मासळीच्या काट्याचं दोनशे ग्रॅमचं वजन,
शिक्का मारलेलं, कडेला दोन खवले चिकटलेलं.
पडद्यावर शेऱ्याच्या रकान्यात
रिकाम्या जागा धावत होत्या, कुठपर्यंत कोण जाणे.

शमीमबाई लाजल्या नाहीत.
"एस्टीत खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं.
उठले की जागा हर्णैला.
मग होड्या लागतात, लिलाव सुरू होतो,
आणि तुमचा पडदा म्हणतो, नंतर प्रयत्न करा.
बांगडा नंतर प्रयत्न करतो काय?"

मी रागवायचं ठरवून आलो होतो.
विचारलं, "आणि काट्यावर दोनशेचं लागलं तर?"
"शंभरची दोन घालतो," म्हणाल्या.

भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक होतं,
पेनाने खुणा करकरून फाटायला आलेलं.
पाणी चढल्याशिवाय खाडीच्या तोंडातून ट्रॉलर आत येत नाही,
हे मला, रत्नागिरीत जन्मून, कोष्टकाने सांगितलं.
फोटो काढले. दोन रात्री बसून
वर्षभराचं पाणी स्क्रिप्टला टाइप करून दिलं.
आता भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तास
बंदराला हात लावायचा नाही.
कापायचं तर ऑफिसातलं कापायचं, वीस मिनिटांत.

साहेब आले. "माझं का कापलं?"
"भरती होती," म्हटलं.

तीन लायसन्स नवी घ्यायची होती, ती राहिली.
ते वजन बाईंनी काट्यावर परत ठेवलं,
असं त्या म्हणाल्या.

गेल्या अमावास्येला झोप लागेना, घरूनच आत शिरलो.
पहाटे तीन चाळीस. साखरी नाटे, शमीम सोलकर.
निष्क्रिय वेळ शून्य.
शिवी हासडली. परत वजन!
मग नोंदी उघडल्या.
नूरे दर्या, सुरमई, एक्केचाळीस किलो दोनशे.
सागरकन्या, बांगडा, टोपल्या अठरा.
बर्फ उशिरा पोचला, असा शेरा.
पुढची ओळ माझ्यादेखत उमटत होती,
एक आकडा चुकला, खोडला, पुन्हा आला.

खिडकी मिटली, हळूच,
तिकडे आवाज जाईल की काय, अशी.