सहाचा नऊ

बाओदिंगच्या चौकातल्या भल्यामोठ्या परडीत यंदाही डाळिंबं आहेत,
फायबरची, उकलून हसणारी.
एका सालीत जसे दाणे तशी आपण माणसं, असा त्यांचा अर्थ.
पीच म्हणजे दीर्घायुष्य.
कंदिलांना अर्थ कुणी विचारत नाही;
ते लाल आहेत, पुरे.

माझ्याकडे आकडा.
देश कितीचा झाला, तेवढं मी तारेत वाकवतो,
मग नर्सरीतल्या बायका त्यात झेंडू खोचतात.
दशकाचं घर दहा वर्षं टिकतं,
एकक दर सप्टेंबरला नवं.

यंदा पाठीनं संप केला.
गोदामात तीन वर्षांपूर्वीचा सहा पडला होता, गंजका.
घासला, उलटा केला:
नऊ.
साहेब लांबूनच म्हणाले, "वा, लाओ छू, नवाकोरा!"

आत तारेला चिठ्ठी होती, लाल दोऱ्यानं बांधलेली.
सूचिनचं अक्षर: "ही बाजू वर". आणि बाण.
तेव्हा ती होती,
आणि शिडीवर चढलं की मला काही सुचत नसे.
बाण आता सरळ जमिनीकडे,
जिथे ती आहे.
काढली नाही मी. झेंडूनं झाकून टाकली.

एक तारखेला फोटोंसाठी ही गर्दी.
बापाच्या खांद्यावरून उलटं लोंबकळत
एक पोरगं ओरडलं, "सहा! सहा!"
आई म्हणाली, नीट बघ, नऊ आहे.

मी शिडी मिटत होतो.
पोराला म्हणावंसं वाटलं,
हळू बोल.