दोनशे अंश

सोहारमध्ये जुलै.
स्टिअरिंग फडक्याने धरत घरी आलो,
मागच्या सीटवर खल्फानच्या मळ्यातली वांगी, ढोबळी मिरची,
एक दुधी,
आणि टोमॅटो, वाटेतच अर्धे शिजलेले.

ओव्हन दोनशेवर लावला.
बाहेरच ठेव की ट्रे, इनास म्हणाला, वीज वाचेल.

रिपोर्टात साखर लाल अक्षरांत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तळण सोडा, चोथा वाढवा,
रंग खा.
रंग खा! हे आवडलं मला.
आजवर एकच रंग खाल्ला, तर्रीचा.

म्हणून फोडी जाडसर, साल तशीच,
तेल चमचाभर, मीठ चिमटीने,
ठेचलेला लसूण,
वरून इथल्या वाळक्या काळ्या लिंबाची पूड.

चाळीस मिनिटं काचेतून बघत बसलो
दवाखान्यात बाळ बघायला आलेल्या बापासारखा.
मुग्धा झाली तेव्हा मी इथेच होतो, क्रेनवर.
काचेतून बघायचं राहूनच गेलं होतं.

वांग्याच्या कडा करपल्या.
दुधी मात्र गोड निघाला;
हा गोडवा चालतो का, विचारायला हवं.

इनासने एक घास घेतला.
बराच वेळ चावला.
मग काही न बोलता उठला
आणि लोणच्याची बरणी घेऊन आला.