कुंभारीण

पहिल्या गिअरला सगळं ठीक.
दुसऱ्यालाही.
तिसरा पडला, टर्बोनं शीळ घातली
की जिथे दाब पंच्याहत्तरवर चढायचा
तिथे काटा मान टाकायचा:
सत्तर, एकसष्ट, अठ्ठेचाळीस.
मी पाय उचलायचे.
शेजारच्या लेनमधला पोन्सेवाला निळा डबा
सुसाट पुढे निघून जायचा
आणि बाबा कठड्याशी उभे राहून
टोपी मांडीवर आपटायचे.

सालिनासची रात्र मिठासारखी अंगाला चिकटते.
आमची माझदा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.
तिच्या पोटात पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर गरगरतात,
आणि उपाशी ठेवलं
तर निमिषात स्वतःलाच खातात.
म्हणून उचलायचे पाय. भित्री म्हणा.

बाबांनी आधी पंप बदलला.
मग जोडीला दुसरा बसवला.
फिल्टर उघडला: आत आरशासारखं लख्ख.
नवा रेग्युलेटर आणला, त्यासाठी
आईच्या शिवणयंत्राचे पैसे उसने घेतले
(आईला न विचारता).
वायर अंगठ्याएवढी जाड ओढली, व्होल्ट मोजले.
जुना होज काढून उभा चिरला, मासा चिरावा तसा,
आत बोट फिरवलं.
काही नाही.
गॅरेजात उभ्या उभ्या विचारा,
शहाण्या मुलीसारखी उत्तरं देते.
धावताना विचारा, गप्प.
घरातही तेच. तीन आठवडे
ताटं वाढली जात होती, बोलणं नाही.

शेजारचा यादिएल, वय अकरा.
टाकीत मिथेनॉल भरायचं काम त्याचं,
हातमोजे त्याला कोपरापर्यंत येतात.
शनिवारी फेरी संपवून आलो,
तापलेलं लोखंड अजून टिकटिकत होतं,
त्यानं झाकण फिरवलं आणि म्हणाला,
"ही दर वेळी श्वास आत ओढते."
कोण?
"टाकी. उघडली की हूऽऽप करते.
मला वाटलं, सगळ्याच करतात."

बाबांचा हात पान्यावरच थांबला.

टाकीतून जेवढं प्यायचं
तेवढी हवा आत यायला हवी, एवढं साधं.
त्यासाठी एक नळी असते, करंगळीएवढी,
मागच्या चाकाशी खाली वळवलेली.
वादळानंतर आठ महिने
गाडी ताडपत्रीखाली पडून होती.
त्या नळीच्या तोंडाशी मातीचं बूच,
ओल्या बोटानं लिंपावं तसं गुळगुळीत.

कुंभारीण माशीचं घर.
बाबांनी तारेनं हलकेच उकरलं.
तळहातावर पडले
सात वाळके कोळी, पाय पोटाशी दुमडलेले,
एका अळीसाठी रचलेला शिधा.
अळी कुठेच नव्हती. वाफेनं मेली असेल.
तिनंही टाकी भरून ठेवली होती,
आणि दार लिंपून निघून गेली होती.

"साडेनऊशे डॉलर,"
बाबा त्या कोळ्यांकडे बघत म्हणाले,
आणि खोकल्यासारखं काहीतरी हसले.
माती फेकली नाही.
थर्मासच्या झाकणात ठेवली.

त्या रात्री तिसऱ्याला मी पाय उचलला नाही.
पंच्याहत्तर. पंच्याहत्तर. शहात्तर.
असा सपाट काटा की बघतच राहावं.
पण पोन्सेवाला सुटतानाच पुढे होता,
बंपरभर अंतरानं हरले.
बाबांनी वेळेची चिठ्ठी वाचली,
चार घड्या करून खिशात टाकली.
"हिरवा दिवा लागल्यावर झोपा काढतेस," म्हणाले.
किती बरं वाटलं.

नळीवर आता पितळेची जाळी आहे.
तरी प्रत्येक फेरीनंतर यादिएल झाकण फिरवतो
आणि बाबा गुडघ्यांवर बसून
टाकीला कान लावतात.
आई कॉफी घेऊन मागे उभी असते.
"काय म्हणते?"
"काही नाही."
"बरं," म्हणते ती, आणि कप पुढे करते.
शिवणयंत्राचं अजून काढलेलं नाही तिनं.